धुराड्यांतून निसटणारी शक्ति

बार्शी लाइट रेल्वेचा फांटा १९२७ सालीं मिरजेपर्यंत पोंचला आणि जतच्या वाट्याला 'जत रोड' हें स्टेशन आलें. नांवांत 'रोड' असलें म्हणजे गांव लांब, हें जाणते ओळखतातच! अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवरील इंजिनाचा भक्‌-भक्‌ आवाज लहानपणीं मला नुसता गोंगाट वाटे. पुढें मुलांना शिकवावयाची पाळी आली, तेव्हां त्यांतील मर्म कळलें.

दट्ट्या ढकलून झालेली वाफ अरुंद तोंडाच्या नळीनें धुराड्यांत सोडीत. तिच्या झोताबरोबर भट्टींतील धूर ओढला जाई, नवी हवा आंत शिरे व विस्तव फुले. चढ लागला कीं वाफ अधिक, आणि वाफ अधिक म्हणून विस्तव प्रखर. १८२९ मधील स्टीफन्सनच्या 'रॉकेट' इंजिनांतहि ही योजना होती. मात्र ही ओढ फुकट मिळत नसे. नळीचें तोंड फार अरुंद केलें तर अडलेली वाफ दट्ट्यालाच मागें रेटी.

तेलाच्या इंजिनांत हा प्रश्न अधिक बोचतो. जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकीं ठोकळ मानानें तिसरा हिस्सा कामीं येतो आणि जवळजवळ तितकाच धुराबरोबर उडून जातो. त्या उडणाऱ्या हिश्श्यासाठीं स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनीं १९०५ सालीं पेटंट घेतलें. धुराच्या झोतावर पात्यांचें एक चाक फिरवावयाचें, व त्याच आंसावरील दुसऱ्या चाकानें इंजिनांत हवा कोंबावयाची. हवा जास्त, म्हणून तेवढ्याच नळकांड्यांत जास्त तेल जळतें. १९२० नंतरच्या दशकांत ही युक्ति जहाजांवर स्थिरावली. १९६२ पासून आपल्या रेल्वेवर आलेल्या २६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांतहि तेंच चक्र होतें.

मग दट्ट्याच काढून टाकून निव्वळ चक्रावर मोटार कां चालवूं नये? इंग्लंडच्या रोव्हर कंपनीनें १९५० सालीं तशी मोटार चालविली. अमेरिकेंत क्रायस्लरनें १९६३ पासून ५० मोटारी कुटुंबांना वापरावयास दिल्या. परंतु चक्रानें मिळविलेल्या शक्तीचा मोठा वाटा हवा दाबणारें यंत्रच खाऊन टाकतें, आणि गाडी चौकांत उभी राहिली तरी त्याची भूक फारशी कमी होत नाहीं. क्रायस्लरनें धुराची उष्णता फिरत्या तबकड्यांनीं शोषून आंत येणाऱ्या हवेला दिली. तरीहि थांबत थांबत चालणाऱ्या वाहनाला तें परवडलें नाहीं. विमान तासन्‌तास एकाच जोरानें उडतें, म्हणून तेथें तें शोभलें.

अवर्षणाच्या सालीं आमच्याकडे पाण्याचे टँकर येतात. घागरभर पाण्यामागें किती तेल जळतें, ह्याचा हिशेब तेथें कुणालाहि समजतो. भरला टँकर चढाला लागला कीं बारीक शिटीसारखा सूर उठतो. तो ब्यूखींच्या चक्राचा. त्या सुरावर बायका घागरी घेऊन निघतात.