उन्हाळी शिक्षक प्रशिक्षण

उन्हाळी शिक्षक प्रशिक्षण म्हणजे शाळांच्या उन्हाळी सुट्टीच्या काळात सेवेतील शिक्षकांसाठी घेतली जाणारी शिबिरे, अभ्यासवर्ग व कार्यशाळा. विषयज्ञान अद्ययावत करणे, नव्या पाठ्यक्रमाची ओळख करून देणे आणि अध्यापनपद्धतीत सुधारणा घडवून आणणे हे त्यांचे मुख्य हेतू होत. अध्यापनाचे दिवस वाया न जाता सलग काही आठवडे उपलब्ध होतात, हे या काळाच्या निवडीमागील प्रमुख कारण आहे. भारतात शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस आवश्यक असल्याने सत्रकाळात दीर्घ प्रशिक्षणास फारसा वाव उरत नाही.

इतिहास

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा सरोवराकाठी १८७४ मध्ये रविवार शाळांच्या शिक्षकांसाठी उन्हाळी मेळावा सुरू झाला. पुढे तेथे धार्मिक विषयांबरोबर इतर विषयही शिकविले जाऊ लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९५३ पासून विज्ञान व गणित शिक्षकांसाठी विद्यापीठांत उन्हाळी वर्ग भरविले. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर त्यांचा झपाट्याने विस्तार झाला. याच धर्तीवर भारतातही १९६३ पासून विज्ञान शिक्षकांचे उन्हाळी वर्ग सुरू झाले.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम

भारतातील अशा प्रशिक्षणाचे एक महत्त्वाचे उदाहरण मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात आढळते. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत हा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने त्याची धुरा सांभाळली.

सहावी, सातवी व आठवी या इयत्तांसाठी शिक्षकांना ओळीने तीन उन्हाळ्यांत प्रत्येकी सुमारे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई. त्यात व्याख्यानांवर भर नसे. विद्यार्थ्यांनी जे प्रयोग करावयाचे तेच शिक्षक गटांत बसून करीत, निरीक्षणे नोंदवीत आणि निष्कर्षांवर चर्चा करीत. दिल्ली विद्यापीठ व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील वैज्ञानिकही त्यांच्याबरोबर काम करीत. शिबिर संपल्यावर संपर्क तुटत नसे. वर्षभर मासिक बैठका व शाळाभेटी होत, आणि शिक्षकांच्या अनुभवांच्या आधारे ‘बाल वैज्ञानिक’ या पाठ्यपुस्तकांत सुधारणा केल्या जात. पुढे पुण्यात कमी खर्चाच्या विज्ञान खेळण्यांसाठी प्रसिद्ध झालेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या कार्यक्रमात सहभागी झाले होते. राज्य शासनाने २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात शाळांची उन्हाळी सुट्टी साधारणतः मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत असते. विदर्भात उष्णतेमुळे शाळा काहीशा उशिरा उघडतात. पुणे येथील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियोजन करतात. १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व २४ वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी यांसाठीही विहित प्रशिक्षण आवश्यक असते. केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ (२०१७) या संगणकीय मंचामुळे अनेक अभ्यासक्रम घरबसल्या पूर्ण करता येतात.

लाभ आणि मर्यादा

सुट्टीतील सलग वेळेमुळे विषयाचा सखोल अभ्यास करता येतो व अन्य शाळांतील शिक्षकांशी विचारविनिमय होतो. तथापि सुट्टी हा शिक्षकांच्या विश्रांतीचा व कौटुंबिक जबाबदाऱ्यांचाही काळ असतो. निवडणूक व जनगणनेची कामे कायद्याने शिक्षकांना देता येतात आणि तीही अनेकदा याच काळात येतात. दीर्घ सुट्टी मिळत असल्याने शिक्षकांना इतर शासकीय कर्मचाऱ्यांइतकी अर्जित रजा मिळत नाही. त्यामुळे सुट्टीत सक्तीने काम करावे लागल्यास त्या प्रमाणात रजा मिळावी, हा सेवाशर्तींतील महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासात सहभागी व्हावे, असे अपेक्षित आहे. हा सहभाग शिक्षकाच्या स्वतःच्या आवडीनुसार असावा, असेही धोरणात नमूद आहे. तासांची पूर्तता वर्गातील बदलाची खात्री देत नाही. शिबिरात शिकलेल्या गोष्टी प्रत्यक्ष अध्यापनात उतरण्यासाठी होशंगाबादप्रमाणे वर्षभराचा पाठपुरावा लागतो.