मनसबीपासून निवृत्तिवेतनापर्यंत



इतिहासाच्या वक्त्याने किल्ले आणि लढाया यांविषयी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी मात्र आज पगाराच्या चिठ्ठीविषयी बोलणार आहे. त्या चिठ्ठीवर एका बाजूला मिळकत असते व दुसऱ्या बाजूला कपात: प्राप्तिकर, व्यवसायकर, भविष्यनिर्वाह निधी. आपण शेवटचा आकडा पाहतो आणि कागद खिशात घालतो. परंतु संसारी माणसाचे दोन जुने प्रश्न त्या कपातीच्या रकान्यात दडलेले आहेत. माझ्या कमाईतून सरकार किती घेणार? आणि हात थकल्यावर मला कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे आपल्या गावात कशी बदलत गेली, ते थोडक्यात पाहू.

मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेल्या खडकीचे 1653 साली औरंगाबाद झाले, आणि येथे मोगल मनसबदारांचा राबता सुरू झाला. मनसबदाराचे उत्पन्न मोठे असे. पण जहागीर बदलती, आणि तो वारला की त्याच्या मालमत्तेवर मोहोर पडे. सरकारी येणे वळते करून घेतल्यावर वारसांना काय मिळायचे, ते बादशहाच्या मर्जीवर असे. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने या प्रथेवर कडक टीका केली आहे. उलट, खेड्यातल्या पाटलाचे, कुळकर्ण्याचे, सुतारा-लोहाराचे वतन वंशपरंपरा चाले. बाप थकला की मुलगा उभा राही आणि बलुते घरात येत राही. मराठी माणूस वतनासाठी भांडला म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. पण म्हातारपणाची दुसरी तरतूदच त्याच्यापाशी नव्हती, हेही ध्यानी घेतले पाहिजे.

निजामी अमलात सालारजंगांनी 1853 नंतर जिल्हे आखले आणि पगारी नोकरशाही उभी केली. अशा रीतीने दरमहाचा पगार व त्यामागून येणारे पेन्शन मराठवाड्यातील शिकल्या-सवरल्या घरांत शिरले. जहागिरी मात्र शेजारी तशाच राहिल्या. त्या 1949 साली, पोलीस कारवाईच्या दुसऱ्या वर्षी, खालसा झाल्या आणि जहागीरदारांना ठरावीक मोबदला मिळू लागला. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा न्याय होता. परंतु ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी नोकरी केली नव्हती, त्यांना आयुष्यात प्रथमच हिशेब मांडावा लागला.

याच सुमारास प्राप्तिकर आला. ब्रिटिश मुलखात तो 1860 पासून होता; 1922 चा भारतीय कायदा हैदराबाद राज्याला 1 एप्रिल 1950 पासून लागू झाला. व्यापाऱ्यांच्या वह्या तोवर हाली सिक्क्यात होत्या. शंभर कलदार म्हणजे 116 रुपये 10 आणे 8 पै हाली, हा हिशेब जुन्या मुनिमांना तोंडपाठ असे. गंमत पाहा, त्याच 1950 साली निजामाला वर्षाला 50 लाखांचा तनखा ठरला आणि राज्यघटनेने असे तनखे करमुक्त ठेवले. कारकुनाने कर भरावा आणि सर्वांत मोठ्या पेन्शनदाराने भरू नये, ही विसंगती 1971 साली तनखे बंद होईपर्यंत टिकली.

पुढची काही वर्षे तरतुदीची होत. 1952 साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, 1956 साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा येथल्या सरकारी नोकराला पहिली धास्ती पगार-पेन्शनचीच होती. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमात याची दखल आहे: केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय सेवाशर्ती नोकराच्या नुकसानीच्या बदलता येणार नाहीत. भाषिक राज्याच्या सोहळ्यात हे कलम कोणी मिरवले नाही. पण कित्येक घरांच्या चुली त्याच्या आधाराने पेटल्या.

आता व्यवसायकर. 1972 चा दुष्काळ मराठवाड्याने सोसला आहे. खडी फोडणाऱ्या हातांना हक्काचे काम मिळावे, म्हणून वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. तिच्या खर्चासाठी 1975 साली शहरी पगारदारावर हा कर बसला. आपण दोनशे रुपयांच्या कपातीवर कुरकुरतो, तेव्हा हा उगम आठवावा. शहराने खेड्याचे देणे फेडण्याचा असा प्रयत्न क्वचितच झाला असेल.

चिकलठाण्याला कारखाने आले, 1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि शेतकऱ्याची मुले कामगार झाली. त्यांचे पेन्शन 1995 च्या योजनेतले. त्याचा हिशेब सोपा आहे: पेन्शनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि 70 ने भागावे. वेतनाची मर्यादा 2014 साली 15,000 झाली. ती धरून तीस वर्षांच्या सेवेचा हिशेब केला तरी महिना 6,428 रुपये होतात. त्यावर महागाई भत्ता नाही. त्याच्यामागे पत्नीला सामान्यतः निम्मे. किमान पेन्शन त्याच वर्षी 1,000 रुपये ठरले. मशीनवर तीस वर्षे उभा राहिलेला माणूस हा आकडा पहिल्यांदा पाहतो तो बहुधा निवृत्तीच्या दिवशी. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांचे जुने पेन्शनही गेले. मार्च 2023 चा संप त्यासाठीच झाला.

आणखी एक बदल नजरेआड होऊ नये. 1886 च्या कायद्यापासून सरकार विम्याच्या हप्त्यावर करसवलत देत आले. मार्चअखेर धावपळ करून का होईना, त्या सवलतीच्या मोहाने आपल्या वडिलांनी बचत केली. 2020 साली आलेली नवी करपद्धती 2023 पासून मूळ पद्धत झाली. तीत दर कमी आहेत, पण अशा बहुतेक सवलती नाहीत. कर वाचला हे खरे; पण बचतीला लावणारा हातही निघून गेला.

तात्पर्य, मनसब गेली, वतन गेले, एकत्र कुटुंबही बरेचसे गेले, आणि म्हातारपणाचा प्रश्न आपल्या अंगणात येऊन बसला. इतिहासाचा अभ्यासक यावर मोठा उपाय सांगू शकत नाही. एवढेच सुचवतो: आज घरी गेल्यावर चिठ्ठी काढा, सेवेची वर्षे मोजा, वरचा भागाकार स्वतः करून पाहा, आणि वारस म्हणून कोणाचे नाव लागले आहे ते पत्नीला दाखवा. मनसबदाराच्या विधवेला हे कोणी सांगत नसे. आपल्या घरी तसे होऊ नये.