‘सर्वोत्तम युरोपीय’ : एका विशेषणाचा इतिहास

साहित्यातील मानदंड कसे घडतात यावर आमच्यापैकी एकाच्या वर्गात चर्चा चालू होती. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मॅराडोनाला बॅलन डी'ऑर एकदाही कसा मिळाला नाही?" वर्ग हसला. प्रश्न विषयाबाहेरचा वाटून आम्हीही तो बाजूला सारला. पुढे त्या पुरस्काराची यादी वाचत बसलो, तेव्हा तो विषयाच्या पोटातलाच होता हे ध्यानात आले.

‘बॅलन डी'ऑर’ म्हणजे सोन्याचा चेंडू. ‘फ्रान्स फुटबॉल’ या फ्रेंच नियतकालिकाने १९५६ साली तो देण्यास प्रारंभ केला. पूर्वी फ्रान्सच्या संघातून खेळलेले आणि नंतर पत्रकार झालेले गाब्रिएल आनो यांचा त्यामागे मोठा वाटा होता. १९५४ च्या डिसेंबरात वुल्व्हरहॅम्प्टनच्या संघाने हंगेरीच्या होन्वेदला हरवले आणि इंग्लिश वृत्तपत्रांनी आपल्या संघाला परस्पर जगज्जेता ठरवून टाकले. ते ठरवायचेच असेल तर सर्व देशांच्या विजेत्या संघांची रीतसर स्पर्धा घ्या, असा आग्रह आनो यांनी ‘लेकिप’ या दैनिकातून धरला. १९५५ मध्ये युरोपीय चषक सुरू झाला; पुढच्याच वर्षी हा पुरस्कार आला. महायुद्ध संपून जेमतेम अकरा वर्षे झालेली. परस्परांशी लढलेल्या देशांचे पत्रकार एका कागदावर पाच नावे क्रमाने लिहितात, हीच त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

पहिल्या वर्षी सोळा पत्रकारांनी मते दिली. इंग्लंडचा स्टॅन्ली मॅथ्यूज ४७ गुणांनी पहिला आला, रेआल माद्रिदचा आल्फ्रेदो दि स्तेफानो ४४ गुणांनी दुसरा. मॅथ्यूज तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होता. पहिला युरोपीय चषक त्याच वर्षी माद्रिदने जिंकला होता. तरीही कौल मॅथ्यूजकडे गेला, तेव्हा त्यात दीर्घ कारकिर्दीविषयीचा आदर मिसळला असणार, असे आमचे मत. (जीवनगौरव आणि वर्षातील उत्तम कृती यांची गल्लत साहित्यातल्या पुरस्कारांना काही नवीन नाही.)

मात्र खरी मेख दुसऱ्या नावात आहे. पुरस्कार युरोपीय खेळाडूंसाठी होता आणि दि स्तेफानो जन्माने अर्जेंटिनाचा, ब्वेनोस आयरेसचा. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघातूनही तो खेळला होता. १९५६ मध्ये त्याला स्पेनचे नागरिकत्व मिळाले आणि पुढे १९५७ व १९५९ असा दोनदा तो मानकरी ठरला. १९६१ चा विजेता ओमार सिव्होरी हाही अर्जेंटिनाचाच, पुढे इटालियन झालेला. म्हणजे ‘युरोपीय’ हा शब्द भूगोलाचा नव्हता, रक्ताचा नव्हता. तो पारपत्राचा होता.

१९६५ चा विजेता युसेबिओ याच्या संदर्भात हे विशेषण आणखी विचित्र होते. तो मोझांबिकमधला, लोरेन्सो मार्किश म्हणजे आजच्या मापुतो शहरात जन्मलेला. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव देऊन त्या वसाहतीच नव्हेत असा पवित्रा घेतला होता. त्या प्रांतांत मोझांबिक होते तसा आपला गोवाही होता. युसेबिओ १९६० च्या डिसेंबरात लिस्बनला पोहोचला. वर्षभरात गोवा मुक्त झाला. मोझांबिकला मात्र १९७५ उजाडावे लागले. साम्राज्याने केलेल्या या नामांतरामुळे एक आफ्रिकी खेळाडू ‘सर्वोत्तम युरोपीय’ ठरला.

उलट मॅराडोना १९८४ ते १९९१ नापोलीकडून, युरोपातच, मतदारांच्या डोळ्यांदेखत खेळत होता. १९८७ आणि १९९० अशी दोन इटालियन अजिंक्यपदे त्याने नापोलीला मिळवून दिली. तरी पारपत्र अर्जेंटिनाचे, म्हणून मतपत्रिकेवर त्याचे नाव लिहिताच येत नव्हते.

आफ्रिकेसाठी याच नियतकालिकाने १९७० पासून निराळा सोन्याचा चेंडू ठेवला होता. पहिला मानकरी मालीचा सालिफ केइता, तोही फ्रान्समध्येच खेळणारा. सन्मान होता, पण बाजूच्या दालनातला. आमच्या अभ्यासक्रमांत ग्रामीण, दलित, स्त्रीवादी असे ‘प्रवाह’ वेगळ्या पत्रिकेत बसवून मुख्य इतिहासाची पत्रिका तशीच ठेवली जाते, त्याची येथे आठवण होते.

१९९५ मध्ये राष्ट्रीयत्वाची अट गेली; युरोपीय क्लबकडून खेळणे पुरेसे ठरले आणि त्याच वर्षी लायबेरियाचा जॉर्ज वेआ जिंकला. २००७ मध्ये क्लबची अटही गेली. दार सताड उघडले, पण तोवर जगातले बहुतेक श्रेष्ठ खेळाडू युरोपच्या पैशामागे युरोपात आलेले होते. पुरस्कार स्वीकारताना युरोपबाहेरच्या क्लबात असलेला पहिला विजेता २०२३ चा मेस्सी.

साठ वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २०१६ मध्ये, ‘फ्रान्स फुटबॉल’ने आपल्याच इतिहासाचे पुनर्वाचन केले. १९५६ ते १९९४ या काळात ही अट नसती तर? ३९ पैकी १२ पुरस्कार दक्षिण अमेरिकेकडे गेले असते, असे उत्तर निघाले : पेलेला सात, मॅराडोनाला दोन, गारिंचा, केम्पेस व रोमारिओ यांना प्रत्येकी एक. वाचून प्रथम बरे वाटते. मग यादी समोर ठेवून कोणाच्या जागी कोण आले हे पाहू लागलो. पेलेच्या सातांत १९५९ चा दि स्तेफानो आणि १९६१ चा सिव्होरी बाजूला होतात. कागद बदलून युरोपीय झालेल्यांच्या जागी, न बदललेला येतो. १९६३ चा लेव्ह याशिनही जातो. हा पुरस्कार मिळालेला तो एकमेव गोलरक्षक. नव्या तक्त्यात एकही उरत नाही.

आमचा खरा आक्षेप येथे आहे. १९६३ चे मतदार आपल्या वर्षाविषयी बोलत होते, तर २०१६ चे संपादक पेलेच्या अर्धशतकी कीर्तीविषयी. पहिल्यांची चूक नियमाची होती आणि ती उघड लिहिलेली होती. दुसऱ्यांनी भरपाई करताना ज्यांचा काही अपराध नव्हता, अशांच्या नावावर प्रश्नचिन्ह लावले. १९८६ चा इगोर बेलानोव्ह त्यांपैकीच. त्या वर्षी कीएव्हच्या डायनामो संघाने युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला, आणि विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध बेलानोव्हने तीन गोल करूनही सोव्हिएत संघ ४-३ असा हरला. आज त्याचे नाव निघते ते बहुधा ‘मॅराडोनाऐवजी’ या शब्दानेच.

मूळ विजेते विजेतेच राहतील, असे नियतकालिकाने तेव्हाच स्पष्ट केले होते. वर्गातल्या त्या विद्यार्थ्याला आम्ही दोन्ही याद्या दिल्या. त्याने अधिकृत यादीतले १९८६ चे नाव मोठ्याने वाचले आणि विचारले, "सर, हे कोण?"