मोटारीच्या बॉनेटवरील स्कूप : अमेरिकन मोटारसंस्कृतीचा एक उपेक्षित दस्तऐवज

प्रस्तावना

वस्तूंचा इतिहास लिहिताना कारखान्याने काय घडविले याची नोंद सहज मिळते. विकत घेणाऱ्याने त्या वस्तूचे पुढे काय केले याची नोंद क्वचितच मिळते. कारखान्याचे दप्तर असते, आराखडे असतात, विक्रीचे आकडे असतात. परंतु सुटीच्या दिवशी घराच्या अंगणात हातात पॉलिश पेपर घेऊन बसलेल्या गाडीमालकाचे दप्तर नसते. प्रस्तुत निबंधाचा विषय त्यामुळेच वरकरणी किरकोळ वाटणारा आहे. अमेरिकेतील मोटारींच्या बॉनेटवर हवा आत घेण्यासाठी जो उंचवटा किंवा तोंड असते त्याला 'स्कूप' म्हणतात. (बॉनेटला अमेरिकन लोक 'हूड' म्हणतात, येथे आपल्याकडील रूढ शब्दच वापरला आहे.) हा स्कूप बाजारातून सुटा आणून, रंगवून, स्वतः गाडीवर बसविण्याची प्रथा तेथे १९६० च्या दशकात फोफावली. या प्रथेकडे आजवर एक तर हौशी लोकांचा विरंगुळा म्हणून पाहिले गेले, नाही तर अस्सल यंत्रभागाची भ्रष्ट नक्कल म्हणून. 'आधी उपयोग होता, मग नुसता देखावा उरला' हा तिच्याविषयीचा सर्वमान्य समज कालक्रमाच्या कसोटीला उतरत नाही, असे येथे दाखवावयाचे आहे.

हवेचे गणित

स्कूपची उपयुक्तता नेमकी किती, हे आधी पाहणे इष्ट ठरेल. इंजिनाला इंधन जाळण्यासाठी हवा लागते आणि हवा जितकी घन तितके अधिक इंधन जाळता येते. पुढे तोंड असलेला स्कूप धावत्या गाडीच्या वेगाने हवा आत 'कोंबतो', अशी लोकसमजूत आहे. 'रॅम एअर' हे विक्रेत्यांनी दिलेले नावही तेच सुचविते. प्रत्यक्षात ताशी १६० किलोमीटर वेगालाही या मार्गाने मिळणारा जादा दाब सुमारे १,२०० पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या एक टक्क्याहून किंचित अधिक इतकाच असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला तो एक टक्क्याचा पाचवा हिस्साही भरत नाही. खरा लाभ तापमानाचा आहे. बॉनेटखालील ६० अंश सेल्सिअसच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची ३० अंशांची हवा मिळाली, तर तिची घनता जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढते. म्हणजे स्कूप उपयोगी होता, पण त्याच्या नावात सांगितलेल्या कारणासाठी नव्हे.

आणखी एक गोष्ट. बॉनेटच्या पृष्ठालगत हवेचा थर संथ असतो, म्हणून बुटक्या, बसक्या स्कूपला फारशी हवा मिळत नाही. उलट समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडून दाब वाढतो. शेव्हरोलेने १९६९ च्या कॅमॅरोसाठी दिलेल्या 'काउल इंडक्शन' बॉनेटचे तोंड मागे, काचेकडे होते ते याच कारणाने. अनभिज्ञ माणसाला हा स्कूप उलटा बसविल्यासारखा दिसतो. दिसण्याचे आणि असण्याचे नाते किती फसवे असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कारखान्यातून निघालेला आभास

१९६३ च्या आरंभी जनरल मोटर्सने आपल्या विभागांना मोटारशर्यतींपासून दूर राहण्याचा आदेश दिला. पाँटियाक विभागाची सारी प्रतिष्ठा शर्यतींवर उभी होती. तेव्हा विभागाचे मुख्य अभियंता जॉन डेलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचांचे मोठे इंजिन बसवून १९६४ साठी 'जीटीओ' सिद्ध केली. त्या वर्गाच्या गाडीला एवढे इंजिन देण्यास कंपनीच्या धोरणानुसार मज्जाव होता. म्हणून ते स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर ग्राहकाने मागितल्यास मिळणारा 'पर्याय' म्हणून विकले गेले. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या.

या जीटीओच्या बॉनेटवर दोन स्कूप होते आणि ते दोन्ही बंद होते. त्यांतून इंजिनाकडे हवेची झुळूकही जात नव्हती. एका संपूर्ण युगाची जननी मानल्या गेलेल्या गाडीवरील हा अलंकार निखळ आभास होता, आणि तो कोणा उनाड पोराने चिकटविलेला नसून अभियंत्यांनी कारखान्यातच घडविलेला होता. १९६५ च्या जीटीओवर एकच स्कूप आला. तोही बंदच होता. परंतु त्याच वर्षी विक्रेत्यांकडे काउंटरवर एक संच मिळू लागला. त्यात कार्ब्युरेटरभोवती बसणारी पत्र्याची परात आणि फोमची सील असे. स्कूपचे बंद तोंड मोकळे करून हा संच बसविला की खोटा स्कूप खरा होई.

येथे कालक्रम लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. आधी देखावा आला, उपयोग मागाहून. आणि तो उपयोगही कारखान्याच्या जुळणीपट्ट्यावर नव्हे, तर गाडी विकली गेल्यानंतर, सुट्या भागांच्या रूपाने आला. ज्याला आपण 'मूळ' समजतो तेच येथे नक्कल होते आणि ज्याला 'नंतरची जोड' म्हणून हिणवतो त्यानेच त्या नकलेला सत्यत्व दिले.

पुढील पाच-सहा वर्षांत उपयुक्त स्कूपचे अनेक प्रकार निघाले. फोर्डचा १९६९ चा 'शेकर' थेट इंजिनावर बसविलेला असे आणि बॉनेटला पाडलेल्या भोकातून वर डोकावत इंजिनाबरोबर थरथरे. १९७० च्या शेव्हेलवरील झडप निर्वातदाबाने आपोआप उघडे. त्याच वर्षीच्या प्लिमथ रोड रनरवरील 'एअर ग्रॅबर' चालकाने कळ दाबली की वर उचलला जाई आणि त्याच्या कडेला रंगविलेले शार्कचे दात दिसू लागत. ज्या यंत्रभागाला खरोखर काम होते त्यालाही दात दाखविल्याशिवाय राहवले नाही, हे मोठे अर्थपूर्ण आहे. मात्र याच काळात साध्या इंजिनाच्या मस्टँग मॅक वनवर बंद स्कूपही होताच. दोन्ही प्रकार एकाच विक्रीदालनात शेजारी शेजारी उभे असत.

त्यानंतर शासनाचा हात आला. विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांनी या गाड्यांचा अंत केला, हे सर्वश्रुत आहे. स्कूपच्या दृष्टीने अधिक बोलका तपशील ट्रान्स ॲम या गाडीचा आहे. तिच्या शेकरचे तोंड १९७० पासून खरोखर उघडे होते. आवाजाच्या मर्यादेमुळे १९७३ पासून ते बंद करण्यात आले. बाह्य आकार तसाच राहिला. १९७७ च्या 'स्मोकी अँड द बँडिट' या चित्रपटाने जगभर पोहोचविलेल्या काळ्या ट्रान्स ॲमचा स्कूप हा असा मुका केलेला स्कूप होता. कित्येक मालकांनी मागील बाजूची पट्टी कापून तो पुन्हा उघडला. १९६५ मध्ये विक्रेत्याच्या संचाने जे केले तेच आता मालक कायद्याच्या नजरेआड करीत होते.

सुटा स्कूप

या पार्श्वभूमीवर सुट्या स्कूपच्या बाजाराकडे वळता येईल. 'हॉट रॉड' हे मासिक १९४८ मध्ये सुरू झाले, शर्यतींचे नियमन करणारी 'एनएचआरए' ही संस्था १९५१ मध्ये, आणि वेगवर्धक भागांच्या उत्पादकांची 'सेमा' ही संघटना १९६३ मध्ये. डेव्हिड लुस्को यांनी आपल्या २००८ मधील ग्रंथात या उद्योगाचा साधार इतिहास मांडला आहे. त्यांचा भर साहजिकच वेग वाढविणाऱ्या भागांवर आहे. शोभेच्या स्कूपला तेथे जे दुय्यम स्थान मिळते, ते अभ्यासकांच्या वर्तुळातील एका जुन्या पूर्वग्रहाला धरूनच आहे.

सुट्या स्कूपचा उदय दोन पदार्थांवर अवलंबून होता. पहिला फायबरग्लास. पत्रा दाबून आकार देण्यास अवजड प्रेस आणि साचे लागतात, तर काचतंतू व पॉलिएस्टर रेझिन यांच्या साह्याने एखाद्या शेडमध्येही हवा तो आकार ओतता येतो. दुसरा पदार्थ म्हणजे डब्यातून फवारता येणारा रंग. इलिनॉयमधील एडवर्ड सीमूर यांनी १९४९ मध्ये तो बाजारात आणला आणि कॉम्प्रेसर व स्प्रेगन नसलेल्या माणसाच्या हाती रंगाऱ्याची कला आली. शिकागोच्या जे. सी. व्हिटनीसारख्या टपालाने माल धाडणाऱ्या पेढ्यांनी उरलेले अंतर मिटविले.

प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहिला तर त्यामागील श्रमाची कल्पना येते. प्रथम बॉनेटची मध्यरेषा काढून तीवर मास्किंग टेप लावायची, स्कूप ठेवून चालकाच्या आसनावरून रस्ता दिसतो की नाही ते पाहायचे, आणि बॉनेट उचलून खालच्या आधारपट्ट्या कोठे आहेत ते तपासायचे. कारण भोक नेमके त्या पट्टीवर आले की सारा बेत फसतो. फायबरग्लासवर साच्यातील मेणाचा अंश असतो. तो धुऊन काढल्याशिवाय रंग धरत नाही. मग घासणे, बारीक छिद्रे पुट्टीने बुजविणे, प्रायमर, पाण्याने पुन्हा घासणे आणि शेवटी रंगाचे पातळ थर. बसविण्यासाठी सुरुवातीच्या काळात स्क्रू, रिव्हेट किंवा स्कूपमध्येच रोवलेले बोल्ट वापरीत. भोकाच्या कडांना प्रायमर लावण्याचा कंटाळा केला की दोन पावसाळ्यांत गंज फुटे. काही हौशी लोक सांधाच दिसू नये म्हणून स्कूप रेझिनने बॉनेटशी एकजीव करीत; परंतु पोलाद आणि फायबरग्लास उष्णतेने सारखे प्रसरण पावत नसल्याने इंजिनाच्या धगीने त्या सांध्याला तडे जात. दोन्ही बाजूंनी चिकटणारी ॲक्रिलिक फोमची मजबूत टेप १९८० मध्ये थ्री-एम कंपनीने आणली, तेव्हा भोक न पाडता स्कूप बसविणे शक्य झाले. तिलाही पूर्ण पकड येण्यास सुमारे ७२ तास लागतात. उतावळ्या माणसाचा स्कूप पहिल्याच महामार्गावर उडून जाणे अशक्य नाही.

रंगाची गोष्ट स्वतंत्र विचार करण्याजोगी आहे. चार वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग डब्यातील ताज्या रंगाशी जुळत नाही. त्यामुळे नवा स्कूप रंगक्रमांक बरोबर असूनही ठिगळासारखा दिसतो. यावर सर्वांत प्रचलित तोडगा म्हणजे स्कूप, आणि बहुधा त्याच्या भोवतीचा भागही, निस्तेज काळा रंगविणे. कारखान्यांनीही हा काळा रंग वापरला : १९६९ च्या डॉज सुपर बीचे उचलून बाजूला ठेवता येणारे 'सिक्स पॅक' बॉनेट फायबरग्लासचे आणि निस्तेज काळे होते. चालकाच्या डोळ्यांवर चकाकी येऊ नये हे त्याचे सांगितले जाणारे कारण. मालकांच्या बाबतीत मात्र चकाकीपेक्षा न जुळणारा रंग लपविण्याची गरज अधिक प्रबळ असावी, असे मला वाटते.

अलंकाराचा अर्थ

थॉर्स्टिन व्हेब्लेन यांच्या चष्म्यातून पाहिले तर हे सारे दिखाऊ उपभोगाचे उदाहरण ठरेल. डेव्हिड गार्टमन यांनी 'ऑटो ओपियम' (१९९४) या ग्रंथात अमेरिकन मोटारीच्या बाह्यरूपाची मीमांसा याहून कठोरपणे केली आहे : यंत्रयुगातील कष्टांचा विसर पाडणारी गुंगी, असे तिचे स्वरूप ते मानतात. कारखान्याने दिलेल्या स्कूपला हे विवेचन लागू पडते. स्वतःच्या हाताने घासून, रंगवून बसविलेल्या स्कूपला ते तितकेसे लागू पडत नाही, कारण तेथे उपभोक्ता पुन्हा कारागीर झालेला असतो. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ मधील 'ऑर्नमेंट' या लेखात 'अलंकार' या शब्दातील 'अलम्' म्हणजे 'पुरेसे' या अर्थाकडे लक्ष वेधले होते : जो वस्तूला पुरेपणा आणतो तो अलंकार. जीटीओ घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने आपल्या साध्या गाडीवर बसविलेला बंद स्कूप या अर्थाने फसवणूक नव्हे; त्याला अपुरी वाटणारी गाडी पुरी करण्याचा तो खटाटोप होता. अर्थात त्याने शेजाऱ्याला फसविले नाही, असा याचा अर्थ नाही.

आपल्याकडे याचे पडसाद मर्यादित आहेत. २००९ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा फॉर्च्युनरच्या बॉनेटवरील स्कूप इंटरकूलरला हवा देणारा, म्हणजे कामाचा होता. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मालकाला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. त्यामुळे आपल्याकडील हौसेची नोंद मात्र दंडाच्या पावत्यांपलीकडे सापडणे कठीण.

पुराव्याचा प्रश्न

अमेरिकेत या पुराव्यावर वेगळेच संकट आहे. साठच्या दशकातील गाड्यांना आज मोठी किंमत येते आणि ती प्रामुख्याने 'मूळ' अवस्थेला येते. इंजिनावरील क्रमांक जुळावेत, रंग कारखान्याचाच असावा, अशा निकषांवर प्रदर्शनांत गुण दिले जातात. परिणामी पुनरुद्धाराच्या वेळी मालकाने बसविलेला स्कूप सर्वप्रथम काढून टाकला जातो, भोके वेल्डिंगने बुजविली जातात आणि गाडी विक्रीदालनातून निघाली त्या दिवसापर्यंत मागे नेली जाते. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ती ज्यांच्या घरी राहिली त्यांचे अस्तित्व पुसले जाते. खरेदीच्या दुसऱ्या दिवसापासून बदललेल्या गाड्यांना 'डे टू' म्हणत आहे तशाच जपणारा एक लहानसा वर्ग अलीकडे तेथे दिसतो. पण बाजाराचा ओढा दुसऱ्या बाजूला आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी बॉनेट वरून नव्हे, खालून पाहावे. हाताने पाडलेली भोके एका ओळीत नसतात. त्यांच्या अंतरांवरून स्कूपचा आकार ओळखता येतो. आणि स्कूप न घासलेल्या रंगावरच बसविलेला असेल तर तो उचलल्यावर खाली कारखान्याच्या रंगाचा एक ठसा सापडतो. बाकीचे बॉनेट उन्हाने विटलेले असते, तेवढाच भाग ताजा असतो. पुनरुद्धाराच्या कारखान्यात पॉलिश पेपर सर्वांत आधी फिरतो तो त्या ठशावरून.