सौरच्या गुहेतल्या तीन रात्री
आरे-वारेच्या चढणीवरून समुद्राकडे बोट दाखवत आमची दादी म्हणायची, "मक्का तिकडं." ती मुंबईहून हजच्या बोटीने गेली होती, 1995 नंतर त्या बोटी बंद झाल्या. जबल-ए-नूरवरची हिराची गुहा, जिथे 610 च्या रमजानात पैगंबरांवर पहिल्या आयती उतरल्या, ती सर्वांनाच ठाऊक. मला मात्र मक्केच्या दक्षिणेची सौरची गुहा अधिक जवळची.

622 साली मदिनेला निघताना पैगंबर आणि हजरत अबू बक्र तिथे तीन रात्री लपले. अबू बक्र यांचा मुलगा अब्दुल्लाह दिवसा मक्केतल्या विरोधक कुरैशांची बोलणी ऐकून रात्री खबर आणायचा. मुलगी अस्मा, शिदोरी बांधायला काही सापडेना, तेव्हा तिने कमरेचा पट्टा फाडून दोन केले. अबू बक्र यांनी मुक्त केलेला गुलाम आमिर बिन फुहैरा शेळ्या-मेंढ्या तिकडे वळवायचा. दूधही मिळे, पाऊलखुणाही पुसल्या जात.

गुहेच्या तोंडावरच्या कोळ्याच्या जाळ्याची, कबुतरांची कथा सगळेच सांगतात. माझ्या लेखी या माणसांनी पत्करलेली जोखीम त्याहून मोठी. कुरआनच्या नवव्या सूरेत या गुहेचा उल्लेख आहे. तरीही दोन्ही डोंगर चढणं हजच्या विधींत नाही. म्हाताऱ्या हाजींनी गुडघ्यांवर जुलूम करू नये.