खांबाला हनुवटी लावू नका!

1920 चं दशक नुकतंच सुरू झालंय. तुम्ही न्यूयॉर्कमध्ये, ‘झिगफेल्ड फॉलीज’ या नाच-गाण्यांच्या रंगमंचीय कार्यक्रमाच्या तालमीत उभे आहात. तालीम नाचाची असली तरी घुंगरू किंवा टाळ्या नाहीत, लाकडी फळ्यांवर नुसती ठक-ठक चाललीय. नर्तिका पोगो स्टिकवर, म्हणजे स्प्रिंग बसवलेल्या काठीवर, उड्या मारताहेत. त्यांना शिकवतोय इलिनॉयचा खेळणीकार जॉर्ज हॅन्सबर्ग. तिकडे जर्मनीत, हॅनोवरमध्ये, माक्स पोलिग आणि अर्न्स्ट गॉटशाल यांनी 1920 मध्ये अशाच काठीचं पेटंट नोंदवलंय.

एक काठी तुमच्या हाती येते. आजच्यासारखी आडवी मूठ तिला नाही. सरळ उभा खांब, तो एकावर एक हात ठेवून धरायचा. हनुवटी लांब ठेवा, नाहीतर पहिल्याच उडीत दात हलतील. एक पाय टेकणीवर, मग पटकन दुसरा. तुमच्या वजनाने स्प्रिंग दबते, क्षणभर थांबते आणि तुम्हाला वर फेकते.

दुसरी उडी तिरकी जाते, तिसरीला तुम्ही जमिनीवर! उठा. खाली पाहू नका, नजर समोर ठेवा. काठी अंगाजवळ, गुडघे सैल. स्प्रिंग उलगडते नेमक्या त्या वेळी पायांनी जोर द्यायचा. आधी दिलात तर उडी मरते, उशिरा दिलात तर तोल जातो. लंगडीत दमलं की पाय टेकता येतो, इथे थांबलात की पडलात. थोड्याच वेळात पोटऱ्या भरून येतात, मांड्या जळतात आणि पोट-कंबर आपोआप ताठ होते. मुलं याला खेळ म्हणतात, पण तुमचा घाम सांगतो की हा चोख व्यायाम आहे.

कॅन्ससच्या विचिटातल्या जॉर्ज हेरिंग्टनने 1891 मध्येच स्प्रिंगच्या पायकाठ्यांचं पेटंट घेतलं होतं, पण त्या पायांना बांधायच्या. काठी कधीही टाकून उतरता येते, म्हणून मला ती जास्त भरवशाची वाटते. दोन मुठींची काठी हॅन्सबर्गनेच आणली, 1957 च्या पेटंटमध्ये. आज तर स्प्रिंगऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या काठ्यांवरून पटाईत खेळाडू दहा फुटांहून उंच उडतात.

तुम्हाला तेवढं उंच जायचं नाही. कोरडी, सपाट जमीन, घट्ट बूट, डोक्याला हेल्मेट आणि तुमच्या वजनाला साजेशी काठी घ्या. मुलांना नुसती आणून देऊ नका, आधी स्वतः चढा.