घाटापलीकडचा अर्जदार

जिल्हा युवा पुरस्कारासाठी अर्ज मागवल्याची बातमी अमरावतीच्या दैनिकांत आतल्या पानावर येते. मजकूर बहुतेक ठरलेला असतो. वय 13 ते 35, जिल्ह्यात सलग पाच वर्षांचे वास्तव्य, मागील तीन वर्षांची कामगिरी, आणि सोबत पुरावे: वृत्तपत्रांची कात्रणे, प्रशस्तिपत्रे, छायाचित्रे, चित्रफिती. प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात द्यायचा. हे कार्यालय अमरावतीत आणि मेळघाटातले सेमाडोह तिथून शंभराच्या आसपास किलोमीटर दूर. परतवाडा सोडले की घटांगकडे घाट चढू लागतो, मोबाईलची रेंज येत-जात राहते आणि सिपनेच्या काठी गाव लागते. त्या गावातल्या एखाद्या कोरकू मुलीपर्यंत ही बातमी पोहोचावी, तिने ती आपल्यासाठी आहे असे मानावे आणि पुरावे जमवून मुदतीत अर्ज करावा, एवढा हा प्रवास आहे. या पुरस्काराची वाटचाल मी याच रस्त्यावर मोजतो.

देशात मुलांचे आणि तरुणांचे कौतुक करण्याची रीत एका आगीपासून सुरू झाली. 2 ऑक्टोबर 1957 रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानात पंडित नेहरूंसमोर कार्यक्रम चालू असताना शामियान्याने पेट घेतला. हरिश्चंद्र मेहरा नावाच्या शाळकरी स्काउटने चाकूने कनात फाडून लोकांना वाट करून दिली. भारतीय बालकल्याण परिषदेचे शौर्य पुरस्कार त्यातून जन्मले. पुढे केंद्र सरकारने 1996 पासून असामान्य कामगिरी करणाऱ्या बालकांसाठी स्वतःचा पुरस्कार सुरू केला. 2018 मध्ये त्याचे नाव बदलले, आणि परिषदेशी फारकत घेतल्यावर सरकारने शौर्याचाही गट आपल्याच पुरस्कारात घेतला. आता हा प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार आहे. 26 डिसेंबर 2024 ला, वीर बाल दिनी, राष्ट्रपतींच्या हस्ते तो 17 मुलामुलींना मिळाला. त्यात अमरावतीची करीना थापा होती. इमारतीला आग लागली तेव्हा या मुलीने प्रसंगावधान राखले आणि 36 कुटुंबांचे प्राण वाचले. जिल्ह्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. आणि तिची दखल वेळेत घेतली गेली, कारण शहरात घडलेल्या धाडसाची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते.

महाराष्ट्राची स्वतःची वाट क्रीडांगणावरून निघाली. शिवछत्रपती राज्य क्रीडा पुरस्कार 1969-70 पासून दिले जातात. खेळाडूंपलीकडच्या तरुणांचा विचार राज्याच्या 2012 च्या युवा धोरणात झाला आणि 2013 च्या शासन निर्णयाने राज्य व जिल्हा युवा पुरस्कार उभे राहिले. प्रत्येक जिल्ह्यात एक युवक, एक युवती आणि एक संस्था. युवक-युवतीला गौरवपत्र, सन्मानचिन्ह आणि 10,000 रुपये, संस्थेला 50,000. राज्य पातळीवर हीच रक्कम 50,000 आणि एक लाख. दहा हजार ही रक्कम मोठी वाटणार नाही. पण बावीस-तेविसाव्या वर्षी, आपण करतो ते कुणाला दिसते की नाही या विचाराने तरुण घुटमळत असतो, त्या वेळी सरकारच्या शिक्क्याचा कागद घरात आला की आईबापांचा सूर बदलतो. मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य घातलेल्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. युवा पुरस्काराचे मोल असे की तो कामाच्या सुरुवातीलाच पाठीवर हात ठेवू शकतो.

या पुरस्काराचे सारे काम क्रीडा व युवक सेवा खात्याकडे आहे आणि मला वाटते त्याच्या स्वभावाची मुळे तिथे आहेत. शालेय स्पर्धा भरवणे, संघ निवडणे, क्रीडा गुणांचे प्रस्ताव तपासणे, व्यायामशाळांची अनुदाने बघणे, या कामात कार्यालयाचा हात बसलेला आहे. खेळात माप सोपे असते: धावेला वेळ, फेकीला अंतर, कुस्तीला निकाल, आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र. व्यसनमुक्तीला, प्रौढ शिक्षणाला, एका पाड्यातल्या लसीकरणाला असे माप नाही. मग माप म्हणून कात्रण आले. छाननी समितीपुढे फायली येतात. त्यात जिचे काम छापून आले तिची फाईल जाड आणि जिचे आले नाही तिची बारीक. समितीतल्या कुणाचा हेतू वाईट असावा लागत नाही, फाईलच निकाल लावून टाकते.

आता सेमाडोहकडे पाहू. 1974 मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला, आणि सेमाडोहचे वन पर्यटन संकुल महाराष्ट्रभरच्या सहलींना ठाऊक झाले. मेळघाटची बातमी येते ती वाघाची, नाहीतर कुपोषणाची. या दोहोंच्या मधे जी पोरं काम करतात त्यांची नावे छापली जात नाहीत. 15 फेब्रुवारीपासून 15 जूनपर्यंत वणव्याचा हंगाम असतो. या काळात जाळरेषा सांभाळणारे आणि धूर दिसला की पाल्याचे झोडपे घेऊन धावणारे अंगारी इथल्याच गावांतले असतात. किती हेक्टर जंगल जळाले याची नोंद होते. किती वाचले आणि कुणी वाचवले, याची होत नाही. कोरकू घरातून पहिल्यांदा बारावीपर्यंत गेलेली मुलगी संध्याकाळी शेजारची मुले गोळा करून बसते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही, त्यामुळे पहिलीतले मूल पाठ्यपुस्तकापुढे मुके होते. त्या मुलाला ती मुलगी दोन्ही भाषांतून वाचायला शिकवते. गरोदर बाईला भूमकाकडून, म्हणजे गावच्या वैदूकडून, दवाखान्याकडे वळवण्यासाठी एखादी तरुण आशा तासन्‌तास अंगणात बसून राहते. हे काम करताना फोटो काढायला कुणी नसते, आणि कुणी असले तरी ती काढू देणार नाही.

शासन निर्णयाची बाजूही सांगितली पाहिजे. कामांच्या यादीत आदिवासी भागातले काम आहे, पर्यावरण आहे, आरोग्य, व्यसनमुक्ती, साहस सारे आहे. यादी लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर मेळघाटसारखा मुलूख नक्की होता. अडचण पुराव्याच्या कलमात आहे, आणि संस्थेच्या व्याख्येत. संस्था 1860 च्या संस्था नोंदणी किंवा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेली हवी. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गाव आहे. 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या लोकांनी उजाड जंगल राखले आणि सीताफळ ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने मुंबईपर्यंत विकले. अशा कामाचा कणा ग्रामसभेतून निवडलेली समिती असतो. तिच्याकडे धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक नसतो. शहरातल्या कुठल्याही मंडळाकडे तो असतो.

त्याशिवाय अर्ज स्वतःच करायचा, ही अट. ‘मी हे केले, मी ते केले’ असे चार पाने लिहायला पाड्यावर वाढलेली माणसे धजत नाहीत. होळीला फगवा मागतात तोही सारे मिळून, आणि गदली-सुसून नाचाच्या फेरात पुढे कोण, मागे कोण याला महत्त्व नसते. राष्ट्रीय बाल पुरस्कारात कुणीही नागरिक दुसऱ्याचे नाव सुचवू शकतो. जिल्हा युवा पुरस्कारातही शिक्षक, आरोग्यसेविका, वनरक्षक यांना सुचवण्याचा अधिकार असायला हवा. आणि मुदत ठरवताना एवढे बघायला हवे की दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडून गेलेली पोरं होळीला परततात. मधल्या महिन्यांत निघालेले पत्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वाचायला तरुण कुणी नसतो.

पुराव्याच्या प्रश्नाचे उत्तर तर सरकारने स्वतःच्या दुसऱ्या दालनात आधीच दिलेले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तेरावा नियम पुराव्यांचा आहे. तिथे गावातल्या जाणत्यांचे लेखी उतरवलेले निवेदन पुरावा म्हणून चालते, अट एवढीच की ते दावेदाराचे स्वतःचे नसावे. त्या निवेदनाच्या आणि ग्रामसभेच्या ठरावाच्या आधारावर या डोंगरात जंगल-जमिनीचे हक्क मान्य झाले आहेत. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला वेगळे वजन दिले आहे. जी साक्ष जमिनीच्या हक्काला पुरते ती सन्मानचिन्हाला आणि दहा हजार रुपयांना अपुरी का पडावी, हे मला समजत नाही.

हे करायला नवे धोरण लागत नाही. पुराव्यांच्या यादीत ‘ग्रामसभेचा ठराव किंवा गावातील जाणत्यांचे निवेदन’ एवढे एक पोटकलम हवे आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभा समितीला संस्थेचा दर्जा हवा. अर्ज धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि चिखलदऱ्याच्या तहसीलमध्ये स्वीकारले जावेत. छाननी समितीने दरवर्षी एकदा तरी घाट चढावा, एक दिवस सेमाडोहला, एक दिवस हरिसालला बसावे, आणि अर्जदाराला बोलावण्याआधी त्याच्या गावाला विचारावे. निवेदन उतरवून घेताना कोरकू समजणारा एखादा शिक्षक सोबत असावा, म्हणजे म्हातारी माणसे आपल्या भाषेत सांगतील.